येऊ द्या, येऊ द्या

आमच्या इमारतीत गाड्या जास्त आणि जागा कमी, म्हणून गाड्या एकामागे एक अशा लावाव्या लागतात. मागची काढायची तर पुढची हलवावी लागते, आणि पुढचीचा मालक नेमका तेव्हाच अंघोळीला गेलेला असतो. यावरून पूर्वी रोज सकाळी भांडणं व्हायची. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून कल्पना निघाली की सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये एका फळ्यावरच्या खिळ्यांना अडकवून ठेवाव्यात. ज्याला गाडी काढायची असेल त्याने वाट अडवणाऱ्या गाडीची किल्ली घ्यावी, ती बाजूला करावी, आपली काढावी आणि किल्ली परत खिळ्यावर लावावी. भांडणं थांबली. लोक बिनदिक्कत एकमेकांच्या गाड्या चालवू लागले. या एकोप्याचा आम्हाला इतका अभिमान होता की घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना तो किल्ल्यांचा फळा दाखवायला खाली न्यायचो.

गेटवर मात्र ठळक अक्षरांत पाटी आहे: 'वाहने मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत. चोरी अथवा नुकसान झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' म्हणजे किल्ली सोसायटीकडे आणि जबाबदारी मालकाकडे. मी शाळेत शिकवते. असलं काही मुलांच्या वहीत दिसलं की मी लाल रेघ मारते. पण इमारतीत माझं कोण ऐकतंय!

पार्किंगचा खरा कारभार आमच्या सासऱ्यांकडे होता. बाबांची सगळी नोकरी बस डेपोत गेली. बसच्या मागे उभं राहायचं, शिट्टी मारायची, हाताने खुणा करायच्या आणि एवढी मोठी बस दोन बसच्या मध्ये बिनओरखडा उभी करून घ्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा ठीक होते. सासूबाई गेल्या आणि बाबा आडवे झाले. आजार काही नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, एवढंच. जेवायला हाक मारली की यायचे, चार घास खायचे आणि परत भिंतीकडे. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, नवऱ्याच्या आत्याची व्याख्यानं झाली. फरक शून्य.

एक दिवस आमच्या इमारतीतल्या, बँकेत काम करणाऱ्या बाई खाली गाडी मागे घेत होत्या. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे पार्किंगमधलं सगळं घरात ऐकू येतं. बाबा एकदम उठून बसले. "खांबाला लावणार ही बाई," म्हणाले, आणि गॅलरीत धावले. "थांबा! आधी पुढे घ्या! आता स्टिअरिंग डावीकडे तोडा!" तोवर गाडी खांबाला लागलीच होती, पण बाबा चपला घालून खाली गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि थेट पार्किंग. त्या बाईंचा बंपर अजून चेपलेला आहे. तो दिसला की मला आपल्या माणसासारखा वाटतो.

खरं सांगायचं तर बाबांची तिथं कुणाला गरज नव्हती. हल्लीच्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो. बाबा मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, बस्स" करायचे आणि लोक आत पडद्याकडे बघत आपल्याला हवं तिकडे जायचे. बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. गाडी नीट लागली की ते छतावर एक थाप मारायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे.

एक दिवस दुपारी बाबा जेवायला वर आले ते खुशीत. ताटावर बसत म्हणाले, "आज बऱ्याच दिवसांनी एक ड्रायव्हर बघितला."

"रोज बघताच की," मी म्हटलं.

"ते गाडीत बसलेले असतात. हा ड्रायव्हर होता. डॉक्टरांची गाडी सर्व्हिसिंगला न्यायला आला होता. गाडी पार आतल्या कोपऱ्यात, पुढे तीन गाड्या. पण एका शब्दाने कुरकुर नाही. उलट म्हणाला, काका, तुम्ही जरा मागे बघता का? काच खाली केली, गाणं बंद केलं, आणि माझ्या हाताकडे बघून गाडी काढली. पडद्याकडे ढुंकून बघितलं नाही. काय हात होता पोराचा!"

बाबांनी त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली. मी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला दुवा दिला.

डॉक्टर म्हणजे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. गाडी नवी कोरी होती. इतकी की सीटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलं नव्हतं. चारच्या सुमाराला ते दवाखान्यात जायला खाली उतरले आणि गाडी जागेवर नव्हती. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत माणसाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. आमच्याकडे गाडी जागेवर नसणं हे रोजचंच. त्यांनी ग्रुपवर विचारलं, "माझी गाडी कुणी हलवली?" उत्तरं भराभर आली. "मी नाही." "पाण्याच्या टाकीमागे बघा." "गेटबाहेर असेल, सकाळी बाहेर होती." एकाने नुसतं अंगठ्याचं चित्र टाकलं. इमारतीतल्या एका आर्किटेक्टने विचारलं की तिथं जागा मोकळी झाली असेल तर माझी लावू का. डॉक्टरांनी इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, मग गल्लीला मारल्या, आणि सगळ्यात शेवटी केबिनमध्ये जाऊन फळा बघितला. त्यांचा खिळा रिकामा होता.

मी गॅलरीतून ऐकत होते. वॉचमन म्हणाला, साहेब, गाडी सर्व्हिसिंगला गेली असं ऐकलं. "सर्व्हिसिंग? कसलं सर्व्हिसिंग? मी कुणालाही बोलावलेलं नाही!" डॉक्टर ओरडले. वळून बघितलं तर बाबा माझ्या मागेच उभे होते.

पोलिस आले. हवालदाराने वही उघडली. "कुलूप तोडलंय?"

"नाही," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"काच फोडली?"

"नाही."

"मग गाडी सुरू कशाने केली?"

"किल्लीने."

"किल्ली कुठं होती?"

"खिळ्याला."

हवालदाराने वर बघितलं. सेक्रेटरींनी त्याला ती किल्ल्यांची पद्धत समजावून सांगितली, एकोप्यासकट. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेन खिशात ठेवलं आणि प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला की ज्यांची गाडी आहे त्यांनी ठाण्यात येऊन रीतसर तक्रार द्यावी, आणि कुणावर संशय असेल तर त्याचं नाव आणावं.

आता नाव शोधणं आलं. सोसायटीला नाव शोधायला फार वेळ लागला नाही. आमच्या वॉचमनला सगळे पहिलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. तो आणि त्याची बायको पाण्याच्या पंपामागच्या खोलीत राहतात. बायको जिने झाडते. वॉचमनची नोकरी गेली की खोलीही जाणार, हे उघड होतं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं की गाडी गेली तेव्हा पहिलवान जागेवर नव्हता, आणि वॉचमन जागेवर नसेल तर वॉचमन हवा कशाला? रविवारी मीटिंग ठरली.

बाबांनी चहा घेतला नाही. मी कप उचलायला गेले तेव्हा म्हणाले, "त्याला मीच पाठवलं होतं."

"कुणाला?"

"पहिलवानला. सेक्रेटरींच्या बायकोने वरून हाक मारली, कपाट सरकवायचंय म्हणून. तो म्हणाला, काका, गेट सोडून कसा जाऊ? मी म्हटलं, तू जा, इथं मी आहे." बाबांनी कप माझ्याकडे सरकवला. "मी होतो की तिथं. होतोच."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला कळत होतं. शाळेत रोज तेच शिकवते. पण मला पहिलवानचं वाईट वाटत होतं आणि बाबांची भीती वाटत होती, आणि दोन्हींत भीती मोठी होती. बाबांचं नाव निघालं की पार्किंग गेलं, आणि पार्किंग गेलं की परत ती भिंत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काही बोलू नका. पहिलवानला आपण दुसरं काम शोधून देऊ. मी शाळेत विचारते."

"त्याला खोली देतात का शाळेत?"

मी कप घेऊन आत गेले. नवरा आपलं आवडतं काम करत होता, म्हणजे फोनकडे बघत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू, काहीतरी होईल." आमच्या लग्नात त्याने घेतलेले सगळे निर्णय हे असे आहेत.

रविवारी मीटिंग पार्किंगमध्येच भरली. खुर्च्या मांडायला मोकळी जागा एकच होती, डॉक्टरांच्या गाडीची, म्हणून तिथंच मांडल्या. डॉक्टर आले, खुर्च्या बघितल्या, आणि बसायला नकार देऊन खांबाला टेकून उभे राहिले. पहिलवान गेटपाशी उभा होता, अगदी ताठ. तेवढा ताठ तो मला कधी दिसला नव्हता. बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती आणि झाडलेली पायरी परत झाडत होती.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "गेटवरच्या पाटीप्रमाणे सोसायटी जबाबदार नाही, हे आधी स्पष्ट करतो."

"ती पाटी तुम्हीच लावलीत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच मला पाठ आहे. तर सोसायटी जबाबदार नाही. पण वॉचमनचा निष्काळजीपणा झालेला आहे. तो त्या वेळी जागेवर नव्हता. का रे, कुठं होतास?"

पहिलवानने सेक्रेटरींकडे बघितलं. मग सेक्रेटरींच्या बायकोकडे बघितलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधण्यात गुंग झाली होती. "इथंच होतो साहेब," तो म्हणाला. "जरा इकडेतिकडे गेलो असेन."

"बघा!" सेक्रेटरी म्हणाले. "स्वतःच कबूल करतोय. तेव्हा महिनाअखेर त्याला—"

"तो तुमच्या घरी कपाट सरकवत होता," बाबा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. बाबा उठून उभे राहिले होते. डेपोतल्यासारखा खणखणीत आवाज लावून ते म्हणाले, "त्याला मी पाठवला. म्हटलं, तू जा, इथं मी आहे. तो चोर आला तेव्हा मी इथं होतो. त्याने माझ्यासमोर खिळ्यावरची किल्ली काढली. मी विचारलं, कुठं? तो म्हणाला, सर्व्हिसिंगला. पुढच्या तीन गाड्यांपैकी एक मी स्वतः हलवली. त्याच्या मागे उभा राहून येऊ द्या, येऊ द्या केलं आणि गाडी गेटबाहेर काढून दिली. गाडी माझ्यामुळे गेली. पहिलवानचा काही संबंध नाही."

मग बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "दुसरी गाडी माझी होती. मीच येऊन हलवली. त्याने मला थँक यू पण म्हटलं हो."

तिसरी आर्किटेक्टची. त्याने पायजम्यावर खाली येऊन ती बाजूला केली होती आणि वर चोराची माफी मागितली होती, की तुम्हाला थांबावं लागलं. गेट कुणी उघडलं याचाही शोध लागला. पेपर आणायला निघालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी, कारण वॉचमन दिसेना आणि गाडी हॉर्न न वाजवता सभ्यपणे थांबली होती. थोडक्यात, अर्ध्या इमारतीने मिळून, कुणीही एकमेकांशी न भांडता, डॉक्टरांची गाडी चोराच्या हवाली केली होती. आमचा एकोपा इतक्या कामाला याआधी कधी आला नव्हता.

सेक्रेटरींची बायको पर्समधून रुमाल काढून त्याच्या घड्या घालायला लागली. सेक्रेटरींनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला. "म्हणजे यात कुणा एकाची चूक आहे असं दिसत नाही. वॉचमनचा विषय आपण इथंच थांबवू." पहिलवानच्या बायकोच्या हातातला झाडू थांबला. माझाही जीव भांड्यात पडला. पण सेक्रेटरी पुढे बोलत होते. "आणि काकांबद्दल म्हणाल, तर त्यांच्या वयात असं होतं. असं लिहून घेऊ, की ज्येष्ठ सदस्याच्या हातून वयोमानानुसार नजरचूक झाली."

"वयाचा काय संबंध?" बाबा म्हणाले. "मला नीट दिसतं. मी त्याला बघितला, प्रश्न विचारला, आणि जाऊ दिलं. नजरचूक नाही ती. चूक आहे."

"हो हो, काका. तुम्ही बसा."

"माझी जबाबदारी आहे, असं लिहा."

"छे छे! तुमच्यावर कोण जबाबदारी टाकणार?" सेक्रेटरी हसले. खरोखर प्रेमाने हसले, हे मला कबूल करायला हवं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका." आजी म्हणाल्या, "बिचारे एकटे पडलेत, कुठंतरी वेळ घालवतात." आर्किटेक्टने उठून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला बसवावं तसं त्यांना खुर्चीत बसवलं. "आणि आता उद्यापासून आराम करा," तो म्हणाला. "आमच्या गाड्यांना कॅमेरे आहेत."

बाबा बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला तो चेहरा ओळखू आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं उठावं आणि एकेकाला झापावं, की तुम्ही या माणसाला चोरापेक्षा वाईट वागवताय. चोराने निदान त्यांचं ऐकलं तरी. पण काय म्हणून भांडणार? सगळे चांगलंच बोलत होते. नवऱ्याने तर हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

ते खांब सोडून पुढे आले. राग त्यांच्या नाकावर नेहमीच असतो, आता तो कानांपर्यंत गेला होता. "कोण जबाबदारी टाकणार म्हणजे? मी टाकणार! गाडी माझी गेलीय! तुम्ही काय वय-बिय लावलंय? हा माणूस धडधाकट आहे. रोज जिना चढतो-उतरतो. इथं मी आहे, असं तो म्हणाला ना? मग सांभाळायला नको? काका, तुम्हाला एक साधा फोन करता आला नाही मला? माझा नंबर त्याच फळ्यावर लिहिलेला आहे!"

"अहो डॉक्टर," आजी म्हणाल्या, "म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा असेल घरी! पार्किंगमध्ये जबाबदार होता! मी उद्या ठाण्यात जाऊन यांचं नाव देणार. यांनी गाडी काढून दिली, असं लिहून देणार. काका, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल, आणि तिथं उत्तर द्यावं लागेल!"

सगळे एकदम बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, डॉक्टर, जाऊ द्या. बँकेतल्या बाई म्हणाल्या, अगदीच निर्दय आहात. नवरा उठून उभा राहिला आणि काय बोलावं हे न सुचून परत बसला. त्या सगळ्या कलकलाटात बाबांनी खुर्चीतून मान वर केली.

"बरोबर बोलतायत ते," बाबा म्हणाले. "फोन करायला हवा होता." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "किती वाजता निघायचं?"

डॉक्टर अजून पुढचं वाक्य जुळवत होते. "नऊ," ते म्हणाले.

"साडेआठला निघू. नऊला बसला गर्दी असते."

डॉक्टरांकडे गाडी नव्हती, तेव्हा बसने जाणं भागच होतं.

सोमवारी मी उठले तर बाबांची दाढी झालेली होती. इस्त्री गरम होती. बुटांना पॉलिश करून ते दाराशी ठेवले होते. असे बूट मी त्यांच्या पायात फक्त आमच्या लग्नाच्या फोटोत बघितले आहेत. नाश्ता मागून घेऊन खाल्ला. मध्येच ताटावरून मान वर करून म्हणाले, "चोराचा चेहरा विचारतील. चेहरा मी बघितलाच नाही गं. चाकं बघत होतो. पण तेही सांगायला हवं, नाही का?"

"सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा."

नवरा चहा गार करत बसला होता. त्याला रात्रभर झोप नव्हती. "बाबांना अटकबिटक झाली तर? कुणी ओळखीचा वकील बघू का?" असं तो मला तिसऱ्यांदा विचारत होता.

साडेआठच्या आधीच बेल वाजली. दारात डॉक्टर, हातात कागदांची पिशवी, चेहरा कालचाच. चपला काढून आत या म्हटलं तर आले नाहीत. "काका तयार आहेत का? नसतील तर मी थांबणार नाही."

बाबा बूट घालून मागे उभेच होते. "चला. कोपऱ्यावरून न जाता शाळेच्या मागून जाऊ. तिथं बस रिकामी येते. पुढच्या दाराशी उभं राहायचं, मी सांगतो तसं." ते डॉक्टरांच्या पुढे जिना उतरू लागले.

"ऐकून घ्या, काका, मी काही तुमच्यावर दया करणार नाही," डॉक्टर त्यांच्या पाठीला म्हणाले.

"बरं," बाबा खालून म्हणाले.

डॉक्टर वळून निघाले तशी मी त्यांना थांबवलं. "थँक यू, डॉक्टर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कशाबद्दल? मी तुमच्या सासऱ्यांविरुद्ध तक्रार द्यायला चाललोय."

"माहीत आहे," मी म्हटलं. मग दार लावून घेतलं, आणि तिथंच दाराला टेकून ढसाढसा रडले. नवरा धावत आला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अगं, रडू नकोस. अटक नाही होणार त्यांना."